खंडेनवमीची रिंग

ती रिंग कशाची आहे हे मला पहिलं दीड वर्ष कोणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायची सवयच नव्हती. वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात, सात मशीनच्या वर्कशॉपमध्ये, मी झाडलोट करता करता लेथवर हात बसवत होतो आणि इथं टिकून राहायचं एवढंच डोक्यात होतं. ड्रॉइंगवर एक लांबलचक नंबर असायचा, ‘रिंग’ एवढा एक शब्द, आणि बाकी मापंच मापं. पोलाद बाजारातलं नव्हतं. ऑर्डर देणारी कंपनी स्वतः ठोकळे पाठवायची, प्रत्येकावर नंबर ठोकलेला, आणि काम झाल्यावर निघालेला कीससुद्धा पोत्यात भरून परत न्यायची.

शेजारच्या मशीनवर माझा जोडीदार होता, आंबिवलीहून येणारा. तो म्हणायचा, “कुकरची रिंग आहे रे. मोठ्या लग्नातला कुकर. हजार माणसाचा भात एका शिट्टीत.” मी हसायचो. खरं तर मला ते पटलेलंही. परातीएवढी रिंग, तिला खाच, खाचेत रबर बसणार. कुकरच तो.

मी किनवटकडचा. आठवीनंतरची शाळा लांब होती, आणि घरात वडील आजारी पडल्यावर कोणीतरी कमावतं हवं होतं, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. पाच-सहा वर्षं मिळेल ते केलं. मग गावातला एक जण रंगकामाला ठाण्याला यायचा, त्याच्यासोबत आलेलो. त्याचं काम संपलं, तो परत गेला, मी राहिलो. गाळ्याच्या मालकांनी मला ठेवून घेतलं. सगळे त्यांना काका म्हणतात. साठीच्या पुढचे, इंजिनिअर, बोलणं हळू. केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर कसा धरायचा हे त्यांनी मला जेवणाच्या सुट्टीत शिकवलं. दशांश चिन्ह मी शाळेत शिकून विसरलेलो, ते त्यांनी फरशीवर खडूने लिहून पुन्हा शिकवलं. “घाई करू नकोस. मापाला घाई कळत नाही,” एवढंच म्हणायचे. माझ्यासाठी इतकं कोणी केलेलं नव्हतं. आणि माझा स्वभाव असा की कोणी उपकार केले की आनंदाच्या आधी धास्ती बसते. हे आता जाणार, माझ्याच हातून काहीतरी होणार आणि जाणार, असं वाटत राहतं.

एके दिवशी काकांनी मला शेवटच्या फिनिशिंगच्या मशीनवर लावलं आणि म्हणाले, “आता सांगायला हवं. ही रॉकेटच्या मोटरची कडी आहे.”

मोटर म्हटल्यावर मला पंपाची मोटर आठवली. त्यांनी एका रिकाम्या पाइपाचा तुकडा घेतला. “हे नळकांडं. आत इंधन भरलेलं, घट्ट, खोडरबरासारखं. ते जळतं, वायू होतो, तो मागच्या तोंडातून सुटतो आणि रॉकेट पुढे जातं. मागचं तोंड नळकांड्याला जिथं जोडतात तिथं ही कडी. वायू तोंडातूनच गेला पाहिजे. ह्या जोडातून केसाएवढासुद्धा बाजूला निसटला, तर तो जोड कापत बाहेर येतो. मग संपलं.”

“कुठलं रॉकेट, काका? उपग्रहाचं की... ते दुसरं?”

“ते आपल्याला सांगत नाहीत.” पाइप खाली ठेवत म्हणाले, “मी विचारतही नाही.”

जोडीदाराला सांगितलं तर म्हणाला, “म्हणजे कुकरच ना. शिट्टी मागून, बस.”

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष वाढलं आणि झोप कमी झाली.

मी बाळकुमला राहायचो, अजूनही राहतो. मोठमोठ्या इमारतींच्या मागे जुनं गाव शिल्लक आहे, तिथं एका कोळी मावशींच्या घरावरची खोली. मावशींचे यजमान भावाच्या बोटीवर खोल समुद्रात जातात, आठ-आठ दिवस येत नाहीत. खाडीत आता काही राहिलं नाही, असं मावशी म्हणतात. माझ्या रिंगेबद्दल मी त्यांना काही सांगितलं नव्हतं, तसं सांगायचंही नसतं. एकदा सहज विचारलं, यजमान समुद्रात असताना तुम्हाला भीती नाही वाटत का?

“आदी लय वाटायची,” मावशी म्हणाल्या. “आता मोबाइलवर येतंय ना. वादल कुठं हाय, वारा कवा सुटल. मासली कुठं हाय ती पन सांगतान. वरून बगतान ते.” आणि बोटाने छताकडे दाखवलं, जिथं माझी खोली होती. “तू नाय बगत, ते वर. तू काय बगनार, तुजी चादर पन वालत घालाची ऱ्हाते.”

त्या दिवशी मी जिना चढताना जरा ताठ चढलो असेन. वर जे बघणारं आहे ते कोणीतरी वर नेलेलं आहे, आणि नेणाऱ्याच्या पाठीशी एक कडी आहे. ती माझी असेलच असं नाही. पण असू शकते.

मग त्याच उन्हाळ्यात मावशींच्या टीव्हीवर एक बातमी लागलेली. कुठल्यातरी लांबच्या देशात एका इमारतीवर रॉकेट पडलेलं. अर्धी इमारत उभी, अर्धी नाही. चौथ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर उघडं पडलेलं, भिंतीवर डबे तसेच रांगेत. मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, “कोनाची घरं रे ही, कोनाची पोरं.” मी ताटावरून उठून वर गेलो. त्यांना वाटलं मला पोळी आवडली नाही.

ते रॉकेट आपलं नव्हतं, हे मला कळत होतं. पण त्यालाही मागे कडी असणार. ती कोणीतरी माझ्यासारख्याने मायक्रोमीटर लावून, फुंकर मारून, कापडाने पुसून ठेवली असणार. त्यालाही कोणी सांगितलं नसेल.

आमच्याकडे कंपनीतर्फे तपासणीला एक मॅडम यायच्या. डोंबिवलीच्या, तिशीच्या, बोलायला एकदम फास्ट. काम झालं की आमच्यातच स्टुलावर बसून चहा प्यायच्या. मी धीर करून त्यांना विचारलं.

“दादा, खरं सांगू? मलापण नाही माहीत,” त्या म्हणाल्या. “ड्रॉइंगवर ते लिहिलेलं नसतं. लहान रॉकेट असतात, वर जाऊन नुसती हवा मोजून येतात. मोठी असतात, उपग्रह सोडतात. आणि तशीच मोटर घेऊन पुढे टोकाला दुसरं काही बसवलं की क्षेपणास्त्र. फरक सगळा पुढच्या टोकाला. तुमची कडी मागची. मागून ते कळत नाही.”

“म्हणजे दोन्ही?”

“दोन्ही असू शकतं. काही वेळा आज एक, उद्या दुसरं.” मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही जेवत जा नीट. दर वेळी बारीक दिसता.”

जोडीदार म्हणाला, “मॅडम, ह्याचं टेन्शन घेऊ नका. हा चहा गरम असला तरी घाबरतो.”

काकांनाही मी एकदा विचारलं, हे आपण करतो ते बरोबर आहे का. त्यांनी चष्मा पुसला. “मी पण विचार करतो,” म्हणाले. “सीमेवर उभ्या असलेल्या मुलाच्या हातात जे असेल ते त्याच्याच अंगावर फुटू नये, एवढं मला वाटतं. आणि कोणावरच सोडावं लागू नये, हेही वाटतं. ह्यापुढे मला अजून काही सुचलेलं नाही. तुला सुचलं तर सांग.” मालकाने कामगाराला असं म्हणणं मी तरी आधी ऐकलेलं नव्हतं.

आता खंडेनवमीचं सांगतो.

सहा रिंगांचा लॉट होता. पाच झालेल्या, सहावी मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी संपवली. माझ्या हातून झालेली ती सगळ्यात चांगली रिंग. मापं अशी बसलेली की काकांनी दोनदा मोजलं आणि मान हलवली. त्यांच्याकडून तेवढं म्हणजे खूप. नियम असा की तयार रिंगेला तेल लावायचं, मेणकागदात गुंडाळायची आणि कपाटात ठेवायची. मी ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजा. वागळेत त्या दिवशी गाळ्यागाळ्यांतून झेंडूचा वास असतो. सगळे जण मशीन धुऊन पुसून काढतात. मोठ्या लेथपासून ते पान्यांपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू, ज्या हत्याराने पोट भरतं त्याला हात जोडायचे. आमच्या गावाकडे माझी आई ह्या दिवशी विळा, कुऱ्हाड, पाटा-वरवंटा मांडायची. मी मायक्रोमीटर मांडला. टूलं मांडली. आणि मग मला वाटलं, रिंग का नको? वर्षभर जिच्यासाठी जीव पाखडला ती कपाटात, आणि पान्याला झेंडू?

मी सहावी रिंग काढली. कुंकू तेलावर बसेना, म्हणून थिनरने पुसून कोरडी केली. मशीनच्या बेडवर पाट ठेवून त्यावर मांडली. वरच्या कडेला पाच बोटं ओल्या कुंकवाची उमटवली, एक झेंडू खाचेत बसवला. मनात काय म्हटलं तेही लिहितो, लाज वाटते पण लिहितो. म्हटलं, वादळ सांगायला जा. दुसरीकडे नको जाऊस.

काका आले, त्यांनी बघितलं. मला वाटलं ओरडतील. ते हसले. “छान दिसतेय,” म्हणाले आणि मोबाइलमध्ये फोटो काढला. नारळ त्यांनीच फोडला, पाणी त्यांनीच सगळीकडे शिंपडलं. पेढे झाले. उद्या दसरा, परवा शुक्रवार, आणि शुक्रवारी वागळेला साप्ताहिक सुट्टी. सगळे पटापट निघाले.

रिंग तशीच राहिली. विसरलो नव्हतो मी. मांडलेली पूजा त्याच दिवशी हलवायची नसते, हे मला लहानपणापासून माहीत. हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, कुंकू पुसायचं नाही. दुसऱ्या दिवशी येऊन हलवायची, पण दुसऱ्या दिवशी गाळा बंद. मी म्हटलं, शनिवारी सकाळी पहिलं हेच काम.

शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. झेंडू उचलला. खाचेत जिथं तो होता तिथं तपकिरी डाग. कुंकू पुसलं, तर पाचपैकी तीन बोटांच्या खाली गंज. आणि बाजूला नारळाच्या पाण्याच्या थेंबांचे बारीक ठिपके, देवीचे व्रण असावेत तसे. बाहेर दमट, आत बंद गाळा, तेल मीच काढून टाकलेलं. त्या पोलादाला सगळं सोसतं, नारळाचं पाणी नाही सोसत.

हात गार पडले, हे लिहायला सोपं आहे. खरं म्हणजे मला आधी हसू आलेलं, कसनुसं. मग पुन्हा पुसून पाहिलं.

जोडीदार आला. त्याने बघितलं. नेहमीसारखी शिट्टी वाजवली नाही, तेव्हाच कळलं की प्रकरण गंभीर आहे. म्हणाला, “पॉलिश मार. बारीक पॉलिशपेपर घे, तेल घे, पाच मिनिटांत साफ. विषय संपव.”

“काकांना सांगू का?”

“सांग ना. मग ते मॅडमला सांगतील, मॅडम कंपनीला सांगतील, कंपनी विचारेल कोणाचा हात. मग तू किनवटला जा, मस्त हवा आहे तिथं.” मग आवाज खाली करून म्हणाला, “अरे वेड्या, काकांचीच ऑर्डर जाईल. तू सांगून त्यांचं भलं करणार आहेस का?”

हे दुसरं जे बोलला ते माझ्या मनाला लागलं. मी पेपर घेतला. हळूहळू, गोल फिरवत, मापाला धक्का लागू न देता. डाग गेले. ठिपके गेले. भिंग लावून पाहिलं, काही नाही. मायक्रोमीटर लावला, माप मर्यादेच्या आतच. तेल लावलं, कागदात गुंडाळली. काका आले तोवर पाटसुद्धा उचलून ठेवलेला.

सोमवारी सहाही रिंगा डोंबिवलीला न्यायच्या होत्या. तिथं एमआयडीसीत एक लॅब आहे, तडे शोधणारी. काकांच्या गाडीत मागच्या सीटवर मी रिंगांच्या खोक्यांना धरून बसलेलो. शिळफाट्यापर्यंत काका मुंबईच्या क्रिकेटबद्दल बोलत होते. मी हं हं करत होतो. मधेच म्हणाले, “तुला बरं नाही का?” म्हटलं, गाडी लागते. गाडी मला कधीच लागत नाही.

लॅबमध्ये पद्धत साधी असते. धुतलेल्या रिंगेवर लाल रंग फवारतात. कुठं केसाएवढी चीर असेल तर रंग आत शिरतो. मग वरून सगळा पुसून काढतात आणि पांढरी पूड मारतात. चिरेत दडलेला रंग पुडीवर उमटतो. काही नसेल तर रिंग पांढरीच राहते. मॅडम तिथं साक्षीला आलेल्या, हातात वही, कानामागे पेन.

एक, दोन, तीन, चार, पाच. सगळ्या पांढऱ्या.

सहावीवर पूड मारली तेव्हा मी भिंतीला टेकून उभा होतो. मनात म्हणत होतो, उमट. खरंच तसं म्हणत होतो. उमटला असता तर मला काही बोलावं लागलं नसतं, रंगानेच सांगितलं असतं. दहा मिनिटं थांबले. रिंग पांढरी राहिली. एक ठिपका नाही.

“छान,” मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहायला लागल्या. काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. एक क्षण वाटलंही. मग मला ते दोन्ही दिसलं. मावशींचे यजमान बोटीवर मोबाइल बघताहेत आणि मोबाइलवर काही येत नाही, कारण जे वर जायचं ते वाटेतच फुटलं. आणि ते नसेल, दुसरं असेल, तर कुठल्यातरी थंडीच्या ठिकाणी माझ्याच वयाचा एक जण कळ दाबतो आणि ते त्याच्या शेजारीच फुटतं. इतके महिने मी विचारत होतो की कशासाठी, कशासाठी. पण रिंग फुटायची असेल तर ती कुठल्याही कामाला असली तरी फुटणारच, आणि जवळ उभा असेल तो मरणारच.

“मॅडम, लिहू नका,” मी म्हणालो.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. कुंकू, झेंडू, नारळ, सगळं. वाक्यं मागेपुढे झाली. शेवटी पॉलिशचं सांगितलं.

मॅडमनी पेन परत कानामागे खोचलं. “पॉलिश कशाने?”

“पेपरने. तेल लावून.”

“अहो दादा, मग हा रंग आत जाणारच नाही. पेपर घासला की वरचा धातू पसरतो, खड्ड्याचं तोंड बंद होतं. ही टेस्ट इथं आंधळी आहे.” त्या रागावलेल्या नव्हत्या, हे मला जास्त भीतीदायक वाटलं. “नेमकं कुठे कुठे होतं ते आठवतंय?”

मला जागा आठवत होत्या, पण पुडीमुळे रिंग सगळीकडून सारखीच दिसत होती. तेव्हा काकांनी मोबाइल काढला. फोटो उघडला आणि मॅडमपुढे धरला. माझी रिंग, पाटावर, पाच बोटं कुंकवाची, खाचेत झेंडू, आणि मागे, घरच्या फोटोत वडीलधारं माणूस उभं असतं तसा, लेथ.

मॅडमनी फोटो मोठा करून पाहिला. “सर, हा तुम्ही काढलाय?”

“हो. आणि पाणी मीच शिंपडलं.”

“तुम्ही तेव्हा काही बोलला नाहीत?”

“छान दिसतेय म्हणालो,” काका म्हणाले.

मॅडम म्हणाल्या, “हा मला पाठवा. रिपोर्टला जोडावा लागेल. माझ्या नोकरीत पहिल्यांदा झेंडू रिपोर्टला लागतोय.”

परत येताना काका गाडीत क्रिकेट बोलले नाहीत. शिळफाट्याच्या अलीकडे म्हणाले, “शनिवारीच का नाही सांगितलंस?”

“तुमची ऑर्डर जाईल असं वाटलं.”

“आणि तुझी नोकरी.”

“हो. आणि ती पण.”

“हं.” फाटा ओलांडल्यावर म्हणाले, “पोचल्यावर तुला लिहून द्यावं लागेल. काय झालं, कसं झालं. तुझ्या हाताने.”

मी त्यांना म्हटलं, तुम्ही लिहा, मी सही करतो. माझं अक्षर, माझं शिक्षण. ते नाही म्हणाले. मी दुपारभर ऑफिसच्या टेबलाशी बसून एक पान लिहिलं. आठवीनंतर एवढं एकदम कधी लिहिलं नव्हतं. मनात काय म्हटलं ते सोडून सगळं लिहिलं. काकांनी वाचलं आणि तसंच पाठवलं, एक शब्द न बदलता. त्याखाली स्वतःचं एक वाक्य जोडलं की पूजा मालकाच्या समोर झाली आणि नियम माहीत असून मालकाने हरकत घेतली नाही.

त्या संध्याकाळी मी खोलीवर जाऊन बॅग भरली. फार काही नव्हतंच. मावशींनी जिन्यातून विचारलं, “गावाला चाललास? आय बरी हाय ना?” म्हटलं, बरी आहे, बघू. त्यांनी माझ्यासाठी सुकटाची पुडी बांधून ठेवली, आईला द्यायला म्हणून. ती बॅगेत ठेवताना रडू आलं. सुकटाच्या वासाने आलं असं समजलो.

दोन आठवडे काही कळलं नाही. पाच रिंगा पास होऊन गेल्या. सहावी कंपनीने अडकवून ठेवली. मी रोज जात होतो, मला रिंगेचं काम देत नव्हते, साध्या बुशी, छोट्या पोकळ नळ्या, करायला दिलेल्या. जोडीदार माझ्याशी नेहमीपेक्षा चांगलं वागत होता, म्हणजे चिडवत नव्हता, त्यामुळे तर नोकरी जाणार याची मला खात्रीच झालेली. काकांनी भिंतीवर एक कागद लावायला सांगितला, तोही मलाच लिहायला लावला: तयार जॉब पूजेला मांडू नये, मशीन आणि हत्यारं मांडावीत. जोडीदाराने तो मोठ्याने वाचून दाखवला आणि कागदाच्या पाया पडला. तेव्हा जरा बरं वाटलं.

मग मॅडमचा काकांना फोन आला. रिंग नापास करून कापायची ठरलेली, डोंबिवलीतच, त्याच लॅबमध्ये. मॅडम म्हणाल्या, ज्याने केली त्याला बघायला पाठवा.

मी गेलो. फोटोवरून खूण केलेल्या जागी त्यांनी रिंग उभी कापलेली, तुकडा घासून, ॲसिड लावून मायक्रोस्कोपखाली ठेवलेला. मॅडमनी मला जागा दिली. आधी नुसतं करडं दिसलं. मग त्यांनी बटण फिरवलं आणि खड्डा दिसला. वरचं तोंड जवळपास मिटलेलं, माझ्या पेपरने. खाली मात्र पोकळ, मडक्यासारखं, आणि मडक्याच्या तळातून एक बारीक रेघ आत गेलेली.

“दाब आला की इथून उसवत गेलं असतं,” त्या म्हणाल्या. “पहिल्या झटक्यात कदाचित नाही. पण गेलं असतं.”

मी डोळा काढला नाही. तीन दिवसांत एवढं आत गेलेलं.

“ही कुठं जाणार होती, आता तरी कळलं का मॅडम?” मी विचारलं.

“नाही. आणि आता ती कुठंच जाणार नाही.” मग म्हणाल्या, “चहा घेणार?”

तुकडा मला ठेवायला मिळेल का असं विचारलं. नाही मिळत, कापलेलं पोलादही परत जातं. मी पुन्हा एकदा बघून घेतलं आणि चहा घेऊन निघालो.

ठाण्याला पोचेपर्यंत गाळा बंद व्हायची वेळ झालेली. काका एकटेच होते, दाराशी चार नवे ठोकळे उतरवून घेतलेले, नंबर ठोकलेले. मी काय पाहिलं ते त्यांना सांगितलं, हाताने मडकं काढून दाखवलं, ती रेघ दाखवली. त्यांनी नीट ऐकलं, मधे दोनदा प्रश्न विचारले. मग ठोकळ्यांकडे मान करून म्हणाले, “उद्या आठला ये. हे लावायचेत.”

“मी?” मी म्हणालो. “कंपनी चालू देईल?”

“त्यांनी विचारलेलं, माणूस बदलणार का म्हणून. मी म्हटलं, आतून खड्डा कसा दिसतो हे माझ्या गाळ्यात एकाच माणसाने पाहिलंय. त्याला बदलून मी कोणाला आणू?”

त्यांनी शटर अर्धं ओढलं. उरलेलं मी ओढलं, कारण त्यांचा खांदा दुखतो. खोलीवर जाऊन इतके दिवस भरून ठेवलेल्या बॅगेतले कपडे काढून दोरीवर टाकले, आणि सुकट मावशींना परत करायला खाली गेलो. त्या म्हणाल्या ठेव, आईकडे कधीतरी जाशीलच ना. म्हटलं, दिवाळीनंतर जाईन, चार दिवसांसाठी.